सोडला आम्ही, बेइमान तो?

आमच्या भोर-वेल्ह्यात कबड्डीवर बोलणारा प्रत्येक माणूस स्वतःला निवड समितीचा सदस्य समजतो. त्यात काही गैर नाही. ज्या मुलखात पिकं निघाली की गावोगावच्या मैदानांवर चुन्याच्या रेषा पडतात, जत्रेच्या रात्री वजनी गटाचे सामने पहाटेपर्यंत चालतात, तिथल्या माणसाला खेळावर मत मांडायचा हक्क आहेच. वेल्हे तालुक्याला आता राजगड तालुका म्हणतात. नाव बदललं, पण कबड्डीची हौस तीच राहिली. माझी तक्रार मत मांडण्याबद्दल नाही. आपण ज्या मापाने खेळाडू मोजतो, त्या मापाबद्दल आहे.

२०२४ पासून पुणेरी पलटणच्या चाहत्यांत एक खटला चालू आहे. आरोपी दोन. पहिला मोहम्मदरेझा शादलू, इराणचा डावा कोपरारक्षक, जो एक हंगाम पलटणकडे खेळला, करंडक जिंकून दिला आणि पुढच्या हंगामात दुसऱ्या संघात दिसला. दुसरे आरोपी म्हणजे त्याच्या जागेवर नंतर उभी राहिलेली पोरं. पहिल्यावर आरोप बेइमानीचा, दुसऱ्यांवर आरोप ते शादलू नसल्याचा. नसरापूरच्या फाट्यावर, भोरच्या एसटी स्थानकाजवळ, वेल्ह्याच्या बाजारात, मोबाइलवरच्या गटांत, सगळीकडे हाच खटला. माझं म्हणणं सरळ आहे. दोन्ही आरोप खोटे आहेत, आणि ज्याच्यावर आरोप व्हायला हवा होता तो या खटल्यात साक्षीदार म्हणूनसुद्धा हजर नाही.

आधी हकिकत नीट मांडू, कारण रागात तारखा विसरल्या जातात.

७ ऑक्टोबर २०२३ ला हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत भारत आणि इराण यांच्यात पुरुष कबड्डीची अंतिम लढत झाली. एका चढाईवरून वाद पेटला, खेळ बराच वेळ थांबला, शेवटी भारताने ३३-२९ असं सुवर्ण जिंकलं. त्या सामन्यात इराणच्या बाजूला शादलू होता. भारताच्या संघात आपला अस्लम इनामदार होता, नगर जिल्ह्यातल्या खेड्यातून वर आलेला. दोनच दिवसांनी, ९ ऑक्टोबरला, मुंबईत प्रो कबड्डीचा लिलाव सुरू झाला आणि पुणेरी पलटणने शादलूला २ कोटी ३५ लाखांना घेतलं. दोन दिवसांपूर्वी समोरासमोर उभे असलेले दोघे एकाच रंगाच्या बनियनमध्ये आले. अस्लम कर्णधार, शादलू कोपऱ्यात.

त्या हंगामात शादलूने पकडीचे ९९ गुण मिळवले, सर्वोत्तम बचावपटू ठरला. अस्लम स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. १ मार्च २०२४ ला हैदराबादला पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून पहिल्यांदा करंडक उचलला. त्या रात्री आपल्याकडे शादलू कुणालाच परका वाटला नाही. ‘इराणी’ हा शब्दसुद्धा कौतुकाने उच्चारला जात होता.

मग ऑगस्ट २०२४ चा लिलाव आला. पलटणने शादलूला संघात कायम ठेवलं नाही. तो पुन्हा लिलावात गेला आणि हरियाणा स्टीलर्सने २ कोटी ७ लाखांना नेला. त्या हंगामात पलटण पहिल्या सहा संघांतही आली नाही. हरियाणा अंतिम फेरीत पोहोचली. आणि नशिबाचा खेळ असा की अंतिम सामना होता पुण्यात, बालेवाडीला. २९ डिसेंबर २०२४ ला आपल्याच अंगणात हरियाणाने पाटणा पायरेट्सला ३२-२३ असं हरवलं, आणि शादलूने दुसऱ्याच रंगाच्या बनियनमध्ये करंडक उचलला. स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला.

इथून खटला उभा राहिला. ‘पैशासाठी गेला.’ ‘परदेशी माणूस, त्याला पुण्याचं काय?’ ‘मीठ खाल्लं आपलं आणि करंडक दिला त्यांना.’

या वाक्यांमधलं क्रियापद तपासा. ‘गेला.’ कोण गेला? प्रो कबड्डीत खेळाडू स्वतःच्या मर्जीने संघ निवडत नाही. संघ ठरवतो कुणाला ठेवायचं. ज्याला ठेवलं नाही तो लिलावात जातो, आणि तिथे जो संघ जास्त बोली लावेल त्याच्याकडे त्याला खेळावं लागतं. बाजारात बांधलेल्या बैलाला कुणी विचारत नाही की बाबा, तुला कोणत्या गोठ्यात जायचंय. ज्याला आपण दावं सोडून बाजारात उभं केलं, तो दुसऱ्याच्या गाडीला जुंपला गेला म्हणून त्याला निमकहराम म्हणायचं, हा कुठला इन्साफ? आणि पैशाचंच म्हणाल तर पलटणने २ कोटी ३५ लाख दिले होते, हरियाणाने २ कोटी ७ लाख दिले. पैशासाठी पळालेला माणूस २८ लाखांनी स्वस्त होऊन पळाला, हे गणित मला कुणी समजावून सांगावं.

कुणी म्हणेल, व्यवस्थापनाचीही अडचण असते. मान्य. त्या वेळी एका संघाला सगळ्या खेळाडूंवर मिळून ५ कोटीच खर्च करता येत होते, आणि त्यात कमीत कमी १८ खेळाडू बसवायचे. २ कोटी ३५ लाख म्हणजे त्यातला ४७ टक्के भाग. जवळपास निम्मी थैली एका माणसावर. संघातली तरुण पोरं चांगली खेळली की त्यांचीही किंमत वाढते, त्यांना सांभाळायचं तर कुठेतरी हात आखडता घ्यावा लागतो. त्यामुळे शादलूला सोडण्याचा निर्णय मूर्खपणाचा होता असं माझं म्हणणं नाही. तो बरोबर असेल, चूक असेल, त्यावर वाद घालूच. पण निर्णय संघाचा होता. जो निर्णय घेतो, जाब त्याला विचारायचा. आपण काय केलं? मालकाला आणि व्यवस्थापनाला सोडून दिलं आणि ज्याच्या हातात काहीच नव्हतं त्याच्याकडे निष्ठेचा दाखला मागितला.

निष्ठेचा दाखला मागण्याची ही सवय आम्हा मुसलमानांच्या चांगलीच ओळखीची आहे. निर्णय भलतीकडे होतात आणि खुलासा आम्ही द्यायचा असतो. म्हणून ‘शेवटी परकाच तो’ हे वाक्य कबड्डीच्या गप्पांत ऐकलं तरी माझे कान टवकारतात. बोलणाऱ्याच्या मनात तसं काही नसेलही. पण हे वाक्य एकदा खेळात चाललं की दुसरीकडेही चालू लागतं.

आता हाच न्याय आपल्या लोकांनाही लावतो. आमच्या मोहल्ल्यातल्या काही पोरांनी उलटी आवई उठवली की शादलूला त्याच्या नावामुळे काढलं. हे निखालस खोटं आहे. ज्या संघाने त्याला सोडलं त्याच संघाचा कर्णधार अस्लम इनामदार होता. त्याआधी २०२२ च्या हंगामात याच पलटणचा कर्णधार फझल अत्राचली होता आणि मोहम्मद नबीबक्षही त्याच संघात होता. दुखावल्यासारखं वाटलं म्हणून हाताला येईल तो आरोप करायचा नसतो. खोटी फिर्याद केली की उद्या खऱ्या फिर्यादीला कुणी विचारत नाही. ‘परका म्हणून गेला’ आणि ‘मुसलमान म्हणून काढला’ ही एकाच आळसाची दोन रूपं आहेत. दोघांनाही खेळ बघायचा नाही, फक्त नाव बघायचं आहे.

फझलचं नाव निघालंच आहे तर एक गोष्ट आठवून देतो. २०२२ च्या हंगामात पलटण फझलच्या नेतृत्वाखाली अंतिम फेरीत गेली आणि जयपूर पिंक पँथर्सकडून ३३-२९ अशी हरली. फझलही डाव्याच कोपऱ्याचा. पुढच्या हंगामात त्यालाही सोडलं, तो गुजरात जायंट्सकडे गेला, आणि त्याच्या जागी शादलू आला. तेव्हा याच टपऱ्यांवर ‘फझलची सर कुणाला येणार?’ असं चाललं होतं. म्हणजे आज ज्याच्या आठवणीने आपण नव्या पोरांना झोडपतो, तो स्वतः एकेकाळी ‘जागेवर आलेला’ होता. शादलूही कुणाच्या तरी जागेवरच आला होता. त्याला वेळ मिळाला, साथ मिळाली, तेव्हा तो शादलू म्हणून ओळखला गेला. नव्यांना आपण दुसऱ्या सामन्यापासूनच ‘हा काय शादलू आहे का?’ असं विचारू लागलो.

आता दुसऱ्या आरोपींकडे येतो, कारण माझा खरा राग इथे आहे.

शादलूनंतर त्या डाव्या कोपऱ्यात कोण उभं राहिलं, असं मी गेल्या वर्षभरात अनेकांना विचारलं. पटकन नाव सांगणारे फार थोडे भेटले. ‘तो, शादलूच्या जागेवरचा,’ एवढीच ओळख. ज्याचं नाव आपल्याला आठवत नाही, त्याच्या खेळाचा निकाल मात्र आपण लावून मोकळे. त्याची एक पकड चुकली की ती लक्षात राहते. शादलूच्या चुकलेल्या पकडी कुणालाच आठवत नाहीत. गेलेल्या माणसाचा सगळ्यात चांगला सामना एका पारड्यात आणि आलेल्याचा सगळ्यात वाईट सामना दुसऱ्या पारड्यात, असा हा तराजू. कोणत्याही वाण्याला असा तराजू ठेवला म्हणून गावाने उभं केलं नसतं.

शिवाय कोपरा हा एकट्याचा खेळ नाही, हे भोर-वेल्ह्यातल्या माणसाला मी सांगायला नको. कोपऱ्याने घोटा धरला तरी शेजारचा कव्हर वेळेवर आला नाही तर चढाईवाला मधली रेषा गाठतो आणि गुण जातो. कव्हर बिचकला की कोपऱ्याच्या नावावर चुकलेली पकड जमा होते. डावा कोपरा दरारा असलेला असेल तर चढाईवाले त्या बाजूला जायलाच कचरतात आणि उजव्या कोपऱ्यावर भार येतो. दरारा नसलेला नवा पोरगा उभा असेल तर प्रत्येक चढाई त्याच्याच अंगावर येते. त्याच्या वाट्याला झुंजी जास्त, म्हणून चुकाही जास्त. आकडे बघणाऱ्याने एवढं तरी बघावं.

त्यात २०२४ च्या त्या हंगामाची एक गोष्ट आपण सोयीने विसरतो. अस्लमच्या गुडघ्याला दुखापत झाली आणि तो हंगाम अर्धवट सोडून बाहेर गेला. जो कर्णधार, जो आदल्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू, तोच मैदानात नाही. चढाईचे गुण आटले की बचावावर ताण येतो. बाद झालेल्यांना परत आत आणायला गुण लागतात. ते मिळाले नाहीत तर मैदानात तीन-चार माणसं उरतात आणि लोण चढतो. हे सगळं घडलं आणि आपण हिशेब एकाच माणसाच्या नावावर मांडला: डाव्या कोपऱ्यातला नवा पोरगा.

मग आला २०२५ चा हंगाम. शादलू आता गुजरात जायंट्सकडे, २ कोटी २३ लाखांना, त्या लिलावातली सगळ्यात मोठी बोली. गुजरात पहिल्या आठातही आली नाही. आणि पलटण? शादलूशिवाय, अस्लमच्या नेतृत्वाखाली, साखळीत पहिल्या क्रमांकावर. लगेच टपरीवरचा निकाल फिरला. ‘बघा, बरं झालं सोडला. संपलाच होता तो.’ आदल्या वर्षी जो हातचा हिरा घालवला म्हणून आपण कपाळ बडवत होतो, तो एका वर्षात काच झाला. आणि ३१ ऑक्टोबर २०२५ ला दिल्लीत दबंग दिल्लीने अंतिम सामन्यात पलटणला ३१-२८ असं हरवलं, तेव्हा रातोरात निकाल तिसऱ्यांदा फिरला. ‘तीन गुण. फक्त तीन. शादलू असता तर...’

दहा महिन्यांत तीन निकाल. चूक झाली, बरं झालं, चूक झाली. मधल्या काळात शादलू बदलला का? तोच माणूस, तोच कोपरा, तीच पकड. बदलले ते त्याच्या आजूबाजूचे सहा जण आणि समोरचे सात जण. हरियाणाचा करंडक हा शादलूच्या मोठेपणाचा पुरावा असेल, तर गुजरातचं अपयश हा त्याच्या खुजेपणाचा पुरावा मानावा लागेल. आणि दोन्ही मानले तर तो एकाच वेळी मोठाही आणि खुजाही ठरतो. ज्या मापाने एकच वस्तू कधी शेर तर कधी पावशेर भरते, ते माप फेकून द्यायचं असतं.

माझे काही मित्र म्हणतात, तुम्ही उगाच गंभीर होता. चाहत्यांचं काम ओरडणं. करमणूक आहे ती. शादलूला भोरच्या टपरीवर काय बोललं जातं याने काय फरक पडतो? तो इराणात, त्याची बोली कोटींत.

खरं आहे. त्याला फरक पडत नाही. फरक पडतो तो इथल्या पोरांना. आपल्याकडच्या गावसंघांत काय होतं ते बघा. चांगला खेळणारा पोरगा बाहेरच्या संघाला दोन पैसे देऊन हवा असतो. तो शिरवळच्या कारखान्यात किंवा पुण्यात कामाला असतो, त्याला रजा मिळत नाही, किंवा दुसऱ्या गावाने बक्षिसाचा वाटा कबूल केलेला असतो. मग त्याच्या जागी चुलतभाऊ उभा राहतो, सतरा-अठराचा, वजनाला कमी, अंगाने हलका, पहिल्यांदाच मोठ्या सामन्यात. त्याची पहिली पकड सुटते आणि कडेला बसलेल्या चार मोठ्या माणसांतला एक ओरडतो, ‘अरे, त्याला बोलवा, याचं काम नाही हे.’ हे मी एका गावात नाही, अनेक गावांत ऐकलं आहे. जो गेला त्याला शिव्या, जो आला त्याला टोमणे. मग आपणच बसून म्हणतो, पोरं मैदानावर येत नाहीत, सगळी मोबाइलमध्ये असतात. कशाला येतील? मोबाइलमध्ये निदान कुणी त्यांना दुसऱ्याच्या नावाने हाक मारत नाही.

यात पैशाचा आणि पोटाचाही सवाल आहे. कबड्डी ही या डोंगराळ तालुक्यांत गरिबाच्या पोराला परवडणारी गोष्ट. बॅट लागत नाही, बूट लागत नाहीत, मैदानाचं भाडं लागत नाही. चांगला खेळला तर एखाद्या खात्याच्या संघात, पोलिसात, रेल्वेत, बँकेत खेळाडूच्या जागेवर नोकरी लागू शकते. त्या वाटेवरचा पहिला टप्पा म्हणजे कुणाच्या तरी जागी उभं राहायची संधी. जवळपास प्रत्येक खेळाडूची सुरुवात बदली म्हणूनच होते. त्या पहिल्या टप्प्यावरच आपण पोराच्या छातीवर गेलेल्याचं नाव चिकटवलं, तर तो स्वतःचं नाव कधी कमावणार?

मग मोजायचं कसं? मला तीन प्रश्न पुरेसे वाटतात. पहिला, निर्णय कुणाचा होता? जो निर्णय घेतो त्यालाच जाब विचारा. दुसरा, आलेल्याला काय काम दिलं होतं आणि सोबत कोण होतं? एकट्या माणसाचा हिशेब सात जणांच्या खेळात लागत नाही. तिसरा, त्याला किती वेळ दिला? एका हंगामात कोपरा आणि कव्हर यांचं डोळ्यांचं बोलणं जुळत नाही. या तिन्हींची उत्तरं हातात नसतील तर निकाल द्यायची घाई करू नये. आपल्याला कुणी न्यायाधीश नेमलेलं नाही, आणि नेमलं असतं तरी साक्ष ऐकल्याशिवाय शिक्षा सुनावता आली नसती.

शादलूवर प्रेम करू नका, असं मी म्हणत नाही. तो मैदानात हसत उतरतो, पकड केल्यावर मांडीवर थाप मारतो, एवढ्यावरही माणूस आवडावा. एका हंगामात त्याने पलटणला जे दिलं ते कुणी पुसू शकत नाही, आणि त्याने दुसरीकडे करंडक जिंकला म्हणून ते कमीही होत नाही. दिलेलं काम त्याने इमानदारीने केलं, पुढच्या मालकाचं कामही इमानदारीनेच केलं. बेइमानी म्हणायची तर हरियाणाकडून खेळताना तो पुण्याच्या आठवणीने मुद्दाम ढिला खेळला असता, तर तिला म्हणता आली असती.

जाता जाता एवढंच मागणं आहे. येत्या जत्रेत, तुमच्या गावच्या मैदानावर, कुणाच्या तरी जागेवर एक पोरगा उभा असेल. त्याची पहिली पकड बहुतेक सुटेल. तेव्हा कडेवरून ओरडायचंच असेल तर त्याच्या स्वतःच्या नावाने ओरडा. आणि नाव माहीत नसेल, तर सामना सुरू होण्याआधी जाऊन विचारून या.